सोबत्यांना जादू वाटताना घ्यावयाची काळजी

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून कल्पित साहसे रंगवण्याच्या खेळाचा डाव मांडला जातो आणि क्लेरिक, म्हणजे मंत्रांनी सोबत्यांना सावरणारा पुरोहित, होण्याची पाळी आपल्यावर येते, तेव्हा सगळ्यांना मदत करत सुटण्याचा मोह आपण कटाक्षाने आवरावा. हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून क्लेरिक इतरांच्या जखमा भरतो आहे आणि टाळ्या तलवारवाल्यालाच पडत आल्या आहेत.

‘ब्लेस’ या आशीर्वादाच्या मंत्रापासून सुरुवात करावी. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या पातळीचा एक स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी संधी) खर्चून आपण तिघांच्या हल्ल्यात आणि बचावात मिनिटभर चार बाजूंच्या फाशाची भर घालू शकतो. हा जादा फासा टाकायला मित्र विसरला, तर आठवण करून देऊ नये. त्याचा वार हुकल्यावर मात्र ती अवश्य करून द्यावी.

खरे औदार्य दाखवायचे ते ‘हेस्ट’ या वेगाच्या मंत्रामध्ये. त्यासाठी जादूगार व्हावे लागते, पण ते सार्थकी लागते. या मंत्राने सोबत्याचा वेग दुप्पट होतो, त्याला एक जादा कृती मिळते आणि तो राक्षसांच्या घोळक्यात थेट आत घुसतो. मंत्र संपताच त्याला अशी ग्लानी येते की, पुढच्या पाळीत त्याला हलताही येत नाही. मंत्र टिकतो तो आपल्या कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे एकाग्रतेवर, आणि ते केव्हाही सोडून देण्याची मुभा नियमांनीच दिलेली आहे. मागच्या रविवारी ज्याने खजिन्यातली अंगठी परस्पर लांबवली, त्याला हेस्ट आवर्जून द्यावे.

‘वॉर्डिंग बाँड’ या संरक्षक मंत्राने सोबत्याला लागणारा मार निम्मा होतो, मात्र जेवढा त्याला लागतो, तेवढाच आपल्यालाही लागतो. अशा वेळी मुकाट्याने सोसण्याचा वेडेपणा करू नये. लोकलमध्ये ठाण्याला चौथी सीट देणारा सहप्रवासी जेमतेम चार बोटे सरकतो आणि दादर येईपर्यंत आपल्या त्यागाची जाणीव कोपराने करून देत राहतो, तद्वत प्रत्येक घावाला टेबलावर मोठ्याने कण्हावे. (या मंत्राला लागणाऱ्या प्लॅटिनमच्या दोन अंगठ्यांचा खर्चही त्याच ओघात काढावा, प्रत्येकी पन्नास सुवर्णमुद्रा काही झाडाला लागत नाहीत.)

डाव संपल्यावर सगळे तलावपाळीवर कुल्फी खायला जातात. तिथे मात्र पैसे सर्वांनी सारखे वाटून घ्यावेत, असा आग्रह धरावा.