पाण्याच्या चित्रात माणसे कुठे आहेत?

दरवर्षी 22 मार्च जवळ आला की शाळाशाळांतून जागतिक जलदिनाच्या चित्रकला स्पर्धा जाहीर होतात. त्यांत येणारी चित्रे आता इतकी ठरीव झाली आहेत की कागद उलगडण्याआधीच त्यांचे वर्णन करता यावे: गळका नळ, त्याखाली धरलेली ओंजळ, रडणारी पृथ्वी, अर्धे हिरवे आणि अर्धे वाळलेले झाड, वर ‘पाणी हेच जीवन’ अशी ठळक अक्षरे. अशा काही स्पर्धांचे परीक्षण करण्याचा योग मला आला आहे आणि मुलांच्या हातात कसब नाही असे मला कधीच वाटले नाही. मात्र आपण त्यांना चित्र काढायला सांगतच नाही, घोषणा रंगवायला सांगतो, असे माझे मत झाले आहे. गोष्टींचीही तीच गत आहे. दात घासताना नळ उघडा ठेवणारा बंडू, रात्री त्याच्या स्वप्नात येऊन रडणारा थेंब आणि सकाळी शहाणा झालेला बंडू, ही गोष्ट सुरू होताच मुलांना तिचा शेवट कळलेला असतो.

वास्तविक पाण्याची गोष्ट कशी सांगावी हे आपल्या आज्यांना उत्तम ठाऊक होते. श्रावणात वाचल्या जाणाऱ्या शिळासप्तमीच्या कहाणीत एक राजा गाव वसवतो, तळे बांधतो, पण तळ्याला पाणी लागत नाही. जलदेवता सुनेच्या थोरल्या मुलाचा बळी मागतात. ती तयार होणार नाही हे जाणून राजा तिला माहेरी पाठवतो, नातवाला न्हाऊमाखू घालून, दागिने चढवून, पलंगावर निजवून तळ्यात सोडतो आणि तळे भरते. पुढे ती माहेराहून परतताना भरलेले तळे पाहते, तिथेच सप्तमीचा वसा पाळते, आणि पाण्यात उभी राहून प्रार्थना करत असता बळी दिलेला तिचा मुलगा जिवंत होऊन खालून तिचे पाय ओढतो. या कहाणीत पाणी वाचवा असे कुणीही म्हणत नाही, पण सर्वांचे तळे भरायचे तर किंमत कोणाच्या घरातून जाते आणि त्या घराला कोणी विचारले होते का, हा प्रश्न ती ऐकणाऱ्याच्या पुढ्यात ठेवून देते. (बळी, मेलेले मूल जिवंत होणे असले काही मुलांना सांगू नये, असे मानणारे पालक मला भेटतात. तीच मुले मोबाइलवर काय पाहतात याची त्यांना कल्पना नसावी.)

हाच प्रश्न आजच्या मुंबईच्या मुलांपुढे ठेवून पाहावा. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. उरलेले पाच ठाणे, पालघर आणि नाशिक या जिल्ह्यांत आहेत. तानसा आणि भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील गावपाड्यांना उन्हाळा आला की टँकरची वाट पाहावी लागते. मध्य वैतरणा धरण ज्या मोखाड्यात बांधले गेले, तिथे पावसाळ्यात धो-धो पाऊस कोसळतो, आणि तरीही मे महिन्यात बायका विहिरीच्या तळाशी साचलेले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. अंधेरीतल्या किंवा दादरमधल्या मुलाला हे ठाऊक नसते, कारण त्याच्या चित्रातले पाणी नळातूनच जन्माला आलेले असते.

त्यातही मला सर्वांत खटकते ती वारली चित्रांची उसनवारी. जलदिनाच्या फलकांची चौकट आजकाल हटकून वारली पद्धतीची असते: त्रिकोणी माणसे, तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग. ही कला ज्या समाजाची, तो डहाणू, जव्हार, मोखाडा, तलासरी या पट्ट्यात राहतो. तिथे लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात, आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंताने ती कला भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली. ती हंड्यांची रांग आपल्याला शोभेची वाटते, पण त्या डोंगरपट्टीत आजही बायका तशाच रांगेने पाणी आणतात. ती चौकट काढायला शिकवताना ही रांग कुठे चालली आहे आणि तिच्या तालुक्यातले पाणी कुठे चालले आहे, एवढे जरी चित्रकलेच्या तासाला बोलले गेले, तरी पुरेसे शिक्षण होईल.

मग करावे काय? माझ्या मते मुलांना आपल्या घरी येणाऱ्या पाण्याची पोथी करायला लावावी. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या चित्रांची पोथी समोर ठेवून, एकेक चित्र दाखवत, गात कथा सांगतात. त्याच रीतीने प्रत्येक पानावर पाण्याच्या वाटेवरचे एक माणूस यावे: धरणाखाली जमीन गेलेला शेतकरी, जलशुद्धीकरण केंद्रातला कामगार, गल्लीत पाणी सोडणारा चावीवाला, टँकरचा चालक, पहाटे उठून पिंप भरणारी आई. त्यासाठी मुलांना या माणसांशी बोलावे लागेल, आणि गोष्ट तिथेच सापडेल. लातूरच्या मुलांना तर ती घरातच मिळेल. एप्रिल 2016 मध्ये, दुष्काळात, मिरजेहून सुमारे 340 किलोमीटर अंतर कापून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी उतरले, आणि त्याच जिल्ह्याच्या शिवारात त्याआधी वर्षानुवर्षे भरपूर पाणी पिणारा ऊस वाढत होता. हे सांगणारे आईवडील, आजोबा आज प्रत्येक घरात आहेत, आणि उसाबद्दल त्यांचे एकमत नसेल, तर गोष्ट अधिकच रंगेल.

असले विषय मुलांच्या मनावर ओझे टाकतात, हा आक्षेप मला मान्य नाही. पाणी संपणार आणि पृथ्वी मरणार, असे चित्र सातव्या वर्षी रंगवायला लावणे हेच मला ओझे वाटते, कारण त्या भीतीवर त्या मुलाकडे नळ बंद करण्यापलीकडे काही उपाय नसतो. नळ बंद करायला शिकवावेच, पण शेती, कारखाने आणि गळक्या जलवाहिन्या यांचा हिशेब झाकून सगळा दोष त्याच्या दात घासण्यावर टाकणे अप्रामाणिकपणाचे आहे.

वेळापत्रकाबद्दलही एक सूचना आहे. मार्चमध्ये परीक्षा तोंडावर असतात आणि खरी टंचाई सुट्टीत येते, म्हणून हे काम जूनमध्ये, शाळा उघडताच सुरू व्हावे. सरळ भिंतीची बाटली आणि पट्टी घेऊन मुलांनी रोज पाऊस मोजावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, एवढे गणित पाचवीच्या मुलाला सहज जमते. मग 50 चौरस मीटरच्या छपरावर 700 मिलिमीटर पावसात 35,000 लिटर पाणी पडते, हे ते स्वतः काढील आणि ते सगळे जाते कुठे, हेही तेच विचारील. दिवाळीनंतर पोथी लिहायला घ्यावी आणि मार्चमध्ये ती वर्गात नव्हे, वस्तीत किंवा ग्रामसभेत, मुलांनीच गाऊन दाखवावी. चावीवाल्याला पुढच्या रांगेत बसवावे. घोषणा लिहिलेल्या चित्रांना त्या दिवशी बक्षीस नसावे, इतके ठरवायला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.