बाराखडी पाठ झाली म्हणजे वाचता आलं असं नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीनदा आला. एकदा सोसायटीच्या ग्रुपवर आणि दोनदा माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या आयांकडून, "मॅडम, हे खरं आहे का?" असं विचारत. मेसेजचा आशय असा: मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, म्हणून बाराखडी पाठ झाली की वाचन आपोआप येतं. फोनिक्स, म्हणजे अक्षराचा ध्वनी ओळखून ध्वनी जोडत वाचायला शिकवणं, हे इंग्रजीचं खूळ आहे, त्याने मुलांची मराठी बिघडते. आपण सगळे पाठांतरानेच शिकलो. आणि मुलाला पहिलीत जायच्या आत लिहिता-वाचता आलंच पाहिजे. नाशिकला सिडकोत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावर उत्तर देते.

"जशी बोलतो तशी लिहितो" हे बरंचसं खरं आहे, पण पुरतं नाही. आपल्याच शहरातल्या पाट्या बघा: गंगापूर, पांडवलेणी, इंदिरानगर, अंबड. चारही नावांत अनुस्वाराचं टिंब तेच, पण उच्चार चार: ङ, ण, न आणि म. मनमाडमधला पहिला 'न' लिहिताना पूर्ण असतो, बोलताना आपण 'मन्‌माड' म्हणतो. चाकाचा च वेगळा, चहाचा वेगळा. 'दिवा' लिहिताना वेलांटी द च्या आधी येते, ऐकू येते ती द च्या नंतर. 'सूर्य'मधला रफार य च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारात य च्या आधी येतो. आपल्याला सवयीने हे जाणवतही नाही. सहा वर्षांच्या मुलाला मात्र यातली एकेक गोष्ट कुणीतरी दाखवून द्यावी लागते.

आता बाराखडीचं. दुसरीतली एक मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा तिला क पासून ळ पर्यंत सगळी बाराखडी तोंडपाठ होती. आईला त्याचा अभिमान होता, आणि तो रास्तही होता. मी पाटीवर नुसतं 'गु' लिहिलं आणि विचारलं, "हे काय?" ती गप्प. मग ओठ हलायला लागले: ग, गा, गि, गी, गु. पाचव्या पायरीवर तिला उत्तर सापडलं. पुढे 'ला' लिहिलं, तर पुन्हा ल पासून सुरुवात. शेवटी 'ब' आला तोवर 'गु' डोक्यातून निघून गेला होता. 'गुलाब' हा शब्द तिला रोजच्या बोलण्यात येत होता, पण पाटीवर तो तिच्या हाती लागेना. ती बाराखडी म्हणत होती, वाचत नव्हती.

हिशेब मांडून पाहा. क्ष आणि ज्ञ सोडले तरी ३४ व्यंजनं गुणिले १२, म्हणजे ४०८ अक्षरं. ती सुटी सुटी पाठ करायची तर डोंगरच. पण काना दिसला की 'आ', उकार दिसला की 'उ', हे एकदा नीट कानावर बसलं की मूल न शिकवलेलं अक्षरही स्वतः वाचतं. मराठी नियमित आहे म्हणून ध्वनीकडे लक्ष देऊ नका, असं मेसेज सांगतो. मी नेमकं उलट म्हणते: ती इतकी नियमित आहे म्हणूनच ध्वनीवर घेतलेली मेहनत इथे पटकन फळते. आपोआप मात्र काही होत नाही. आपल्यासारखीच अक्षरलिपी असलेल्या कन्नडवर सोनाली नाग यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या अक्षरांवर पकड यायला पहिलीनंतरही काही वर्षं जातात, हे त्यात दिसलं.

मी त्या मुलीबरोबर पहिल्यापासून सुरुवात केली. म, क, र, न ही चार अक्षरं आणि काना, बस्स. एवढ्यात मका, नाक, कान, राम, रान, मान, काका, मामा, नाना होतात. आधी शब्द म्हणायचा, जितकी अक्षरं ऐकू येतील तितके चिंचोके मांडायचे, एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून ते ते अक्षर म्हणायचं. मग चिंचोका उचलून तिथे अक्षराचं कार्ड. 'नाक'ची कार्डं उलटी मांडली की 'कना' होतं आणि काना सरकवला की 'कान', हे तिचं तिलाच कळलं, तेव्हा तिने ते मला चारदा करून दाखवलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिच्यातही अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न येता छोट्या गटांत, मात्रांसह येतात, म्हणजे मुलाला लगेच शब्द वाचता येतात.

ध्वनीवरून असं शिकवणं हे इंग्रजीचं खूळ नक्कीच नाही. गावांच्या नावांच्या भेंड्या आपण लहानपणी खेळलोच की: येवला, ल वरून लासलगाव, व वरून वणी. शब्दातला ध्वनी सुटा करून कानाने पकडायचा, हेच ते काम. इंग्रजीत २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे आणि 'डब्ल्यू' या नावात व चा मागमूस नाही, म्हणून तिथे ते जास्त आखून करावं लागतं. त्याचा उपयोग होतो, हे अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली बऱ्याच अभ्यासांची छाननी करून सांगितलं. एका बाबतीत मात्र मेसेज लिहिणाऱ्याची तक्रार मला मान्य आहे. इंग्रजी वर्कशीट जशीच्या तशी मराठीत उतरवून पाच वर्षांच्या मुलाकडून 'क् अधिक अ' करून घेणं चूक आहे. मराठी मुलाच्या कानाला आधी अख्खं अक्षर ऐकू येतं. सुरुवात तिथूनच करायची.

"आपण पाठांतरानेच शिकलो." शिकलो ते आपण. माझ्या पहिलीच्या वर्गात मागच्या रांगेत बसणाऱ्या काही मुली चौथीपर्यंत टिकल्याच नाहीत. त्यांना मंद म्हणत. त्यांना कुणी शब्द फोडून दाखवला नव्हता, एवढंच.

राहिला पहिलीच्या आत लिहिता येण्याचा मुद्दा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ३ ते ८ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा धरला आहे, आणि निपुण भारत अभियानातही समजून वाचण्याचं उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीपर्यंतचं आहे. साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरण्याचं बळच पुरतं आलेलं नसतं. त्याला पीठ मळू द्या, मटकी निवडू द्या, परातीतल्या रव्यावर बोटाने रेघा ओढू द्या. आणि रात्री झोपताना ओळीखालून बोट फिरवत एक गोष्ट वाचून दाखवा, तो म्हणेल तितक्या वेळा तीच.