फाइल उडवू नकोस

"साध्या टेक्स्ट फाइलीत पैशांचा हिशेब ठेवता? सावधान!" असा एक मेसेज सध्या फिरतोय. असले मेसेज मी एरवी न वाचताच उडवतो. पण हा धाकट्या बहिणीने पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, मग माझी फाइल डिलीट करू का?" तीन वर्षं ती बीनकाउंटमध्ये, म्हणजे टेक्स्ट फाइलीतला हिशेब वाचून तपासणाऱ्या टूलसाठी, नेटाने नोंदी करतेय! म्हणून हा खटाटोप.

मेसेजमधला सगळ्यात अजब दावा असा: "नुसता मजकूर असल्याने आकडा चुकला तरी कळत नाही." लिहिणाऱ्याने हे प्रकरण एकदाही उघडून पाहिलेलं नाही. लेजर, एचलेजर, बीनकाउंट ही तिन्ही टूल्स द्विनोंदी पद्धतीवर चालतात, इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ साली छापील पुस्तकात मांडली तीच. पैसे जिथून गेले ते खातं वजा, जिथे गेले ते अधिक. प्रत्येक व्यवहाराची बेरीज शून्य यायलाच हवी. समजा १२५० रुपयांचं वीजबिल भरलं आणि नोंद साधारण अशी केली:

खर्च:वीज  १२५०
मालमत्ता:बँक  -१२०५

लेजर इथेच अडून बसतं. बीनकाउंट ओळ क्रमांकासकट चूक दाखवतं. फरक ४५, त्याला नऊने भाग जातो, म्हणजे बहुधा दोन अंकांची अदलाबदल. जुने हिशेबनीस हे झोपेतही सांगतील. खर्चाच्या एकेरी यादीत नुसतं १२०५ टाकलं असतं तर कोणी हूं की चूं केलं नसतं.

आता अर्धं खरं आहे तेही कबूल करतो. दोन्ही ओळींत १२०५च लिहिलं, किंवा नोंद करायचीच राहिली, तर बेरीज बिनबोभाट जुळते. त्यासाठी बीनकाउंटमध्ये 'बॅलन्स'ची ओळ असते: तारीख, खातं आणि बँकेच्या स्टेटमेंटवरची शिल्लक. जुळली नाही की बोंब. मेसेजवाल्याला हे ठाऊक असतं तर तो दावा लिहिलाच नसता.

"टूल बंद पडलं तर सगळा डेटा गेला." हे तर उलटंच! इंट्युइट कंपनीने मिंट हे खर्चाचा हिशेब ठेवणारं ॲप मार्च २०२४ मध्ये बंद केलं आणि वापरणाऱ्यांना क्रेडिट कर्मा या आपल्याच दुसऱ्या सेवेकडे वळवलं. बीनकाउंट उद्या नाहीसं झालं तरी बहिणीची फाइल कुठल्याही एडिटरात उघडेल, डोळ्यांनी वाचता येईल.

"कोणीही आकडे बदलू शकतं." फाइलीतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या टूलमध्ये ठेवा, कुठली ओळ कधी बदलली ते दिसतं. "द्विनोंदी म्हणजे सीएचं काम." मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न, खर्च. खात्यांचे पाच प्रकार आहेत, पन्नास नाहीत.

"ॲप आपोआप नोंदी करतं." बरं बाबा, करतं. बँकेकडून मिळणारी व्यवहारांची सीएसव्ही फाइल आत घ्यायचे नियम बसवण्यात माझे दोन रविवार गेले होते, आणि मोबाइलवर नोंद करणं आजही कटकटीचंच आहे.

तर बाई, फाइल राहू दे. गेल्या महिनाअखेरची शिल्लक आज लिहून टाक, पण तारीख एक दिवस पुढची, म्हणजे या महिन्याची एक तारीख घाल. बीनकाउंट त्या दिवसाच्या सुरुवातीची शिल्लक तपासतं. मग बीन-चेक ही फाइल तपासणारी आज्ञा चालव. त्रुटी आली तर रात्री फोन कर.