मारियाँ बार्टोलीला लॉटरी लागली नव्हती

माझी भाची चौदा वर्षांची आहे. टेनिस खेळते, अंगाने जरा भरलेली आहे. ती जिथे शिकते तिथल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, तो कुणीतरी मुलींनाही पाठवला. तिने तो मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "मावशी, हे खरंय का?"

मेसेज फ्रान्सच्या मारियाँ बार्टोलीबद्दल आहे. त्यात म्हटलंय ते असं: नशीब जोरावर असेल तर जाड, अनफिट मुलगीही विम्बल्डन जिंकू शकते. २०१३ मध्ये सगळ्या मोठ्या खेळाडू आधीच हरल्या म्हणून ती जिंकली. त्याआधी तिने काही केलं नव्हतं. सगळं श्रेय बापाचं. आणि आपली लायकी नाही हे कळल्यावर ४० दिवसांत ती खेळ सोडून पळाली. शेवटी हात जोडल्याचं चित्र आणि "मेहनतीपेक्षा नशीब मोठं". वर तिचा आयक्यू १७५, म्हणजे आइनस्टाइनपेक्षा जास्त, अशी भर.

ज्या मुली रोज पहाटे उठून सराव करतात त्यांना हे वाचायला देणाऱ्यांचा मला राग आला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी "सगळ्या मोठ्या खेळाडू हरल्या" हा मुद्दा, कारण यात थोडं तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या विम्बल्डनमध्ये बार्टोलीला पहिल्या दहातली एकही खेळाडू भेटली नाही. तिला स्वतःला १५ वं मानांकन (स्पर्धेपुरता दिलेला क्रमांक) होतं. त्या वर्षी त्याआधीच्या एकाही स्पर्धेत ती उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेली नव्हती. इथपर्यंत मान्य.

पण मेसेज लिहिणाऱ्याने २०१३ चा ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, उघडून बघितला असता तर पुढचं लिहायची त्याची हिंमत झाली नसती. शारापोव्हा आणि अझारेन्का या दोन मोठ्या खेळाडू बार्टोलीच्याच बाजूच्या अर्ध्या ड्रॉमध्ये होत्या. शारापोव्हा दुसऱ्या फेरीत पात्रता फेरीतून आलेल्या लार्शेर दी ब्रिटोकडून हरली, अझारेन्काने गुडघ्याच्या दुखापतीमुळे दुसऱ्या फेरीआधी माघार घेतली. म्हणजे रस्ता मोकळा झाला तो त्या अर्ध्यातल्या सगळ्यांसाठी. त्यात २०११ ची विजेती पेत्रा क्वितोव्हा होती. तिला या मोकळ्या रस्त्याचा काय उपयोग झाला? उपांत्यपूर्व फेरीत ती बेल्जियमच्या फ्लिपकेन्सकडून हरली. त्याच फ्लिपकेन्सला पुढच्या सामन्यात बार्टोलीने ६-१, ६-२ असं धुतलं. अंतिम सामन्यात समोर होती साबिने लिसिकी. सेरेनाला आणि राद्वान्स्काला घरी पाठवून आलेली. तिला बार्टोलीने ६-१, ६-४ ने हरवलं. सात सामने आणि एकही सेट गमावला नाही.

दुसऱ्या सेटमध्ये बार्टोलीची ५-१ अशी आघाडी असताना लिसिकीने तीन मॅच पॉइंट वाचवले आणि बघता बघता ५-४ झालं. सेंटर कोर्ट लिसिकीच्या बाजूने ओरडत होतं. पहिलं ग्रँडस्लॅम हातातून निसटतंय असं वाटण्याची ही वेळ, भल्याभल्यांचा हात इथे कापतो. बार्टोलीने ती सर्व्हिस एकही गुण न देता जिंकली आणि शेवटचा गुण एसने, म्हणजे समोरचीला परतवताच न आलेल्या सर्व्हिसने, घेतला. आयती आलेली गोष्ट अशी घ्यावी लागत नाही.

"त्याआधी काही केलं नव्हतं" हे तर धादांत खोटं. २००७ मध्ये ती विम्बल्डनच्या अंतिम फेरीत होती. उपांत्य फेरीत तिने जस्टिन हेनिनला हरवलं, जी तेव्हा जगात पहिली होती, आणि तेही पहिला सेट १-६ गमावल्यावर. २००९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये यांकोविच, २०१२ मध्ये मायामीत अझारेन्का, दोघीही त्या वेळी अव्वल. अझारेन्का तर त्या वर्षी सलग २६ सामने जिंकून आली होती. २०११ च्या विम्बल्डनला सेरेना. त्याच वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी. चारही ग्रँडस्लॅममध्ये किमान उपांत्यपूर्व फेरी, २०१३ चं विम्बल्डन धरून एकूण आठ एकेरी विजेतेपदं, आणि जानेवारी २०१२ मध्ये जगात सातवा क्रमांक. २०१३ चं विम्बल्डन हे तिचं ४७ वं ग्रँडस्लॅम होतं. तोवर कुठल्याच स्त्रीने पहिल्या विजेतेपदासाठी इतकी वाट बघितली नव्हती. ४६ वेळा हात हलवत परतलेल्या मुलीला नशीबवान म्हणायचं?

आता ज्याने मी सर्वांत जास्त चिडले तो मुद्दा. "जाड, अनफिट".

ही भाषा नवी नाही. ज्या दिवशी ती जिंकली त्याच दिवशी बीबीसी रेडिओवर जॉन इन्व्हरडेल या अनुभवी समालोचकाने असं काहीतरी बोलून टाकलं की, तू काही दिसायला सुंदर नाहीस, शारापोव्हासारखी होणार नाहीस, तेव्हा तुला झगडावंच लागेल, असं तिच्या वडिलांनी तिला लहानपणी सांगितलं असेल का? शेकडो तक्रारी गेल्या, बीबीसीने माफी मागितली. बार्टोलीला विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली की मी सोनेरी केसांची नाही हे खरं आहे, मॉडेल व्हायचं स्वप्न मी कधी पाहिलं नाही, विम्बल्डन जिंकायचं मात्र नक्की पाहिलं. माझ्या भाचीला मी हेच आधी वाचून दाखवलं.

आणि अनफिट कशाला म्हणतात? तिचा खेळ जरा नीट आठवा. दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी फटका. दोन हातांनी फोरहँड मारायचा तर हात कमी पोचतो, म्हणून प्रत्येक चेंडूला एक पाऊल जास्त टाकावं लागतं. समोरचीची सर्व्हिस परतवताना ती बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, आत उभी राहायची, म्हणजे विचार करायला वेळ आणखी कमी. दोन गुणांच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून जागच्या जागी उड्या मारायची, हवेत फटके मारायची. लोक हसायचे. वडिलांनी तिला टाचांना टेनिसचे चेंडू बांधून पळवलं होतं, टाच टेकू नये आणि चवड्यांवर राहायची सवय लागावी म्हणून. अंगाला इलॅस्टिकचे पट्टे लावून सर्व्हिसचा सराव करवला होता. हे सगळं करून जी पंधरवडाभर एकही सेट न गमावता खेळते ती अनफिट, आणि सोफ्यावर बसून मेसेज पुढे ढकलणारे फिट?

अशा बोलण्याने काय होतं तेही सांगते, कारण हा मेसेज लहान मुलींपर्यंत गेला आहे. खेळ सोडल्यानंतर बार्टोली इतकी खंगली की २०१६ मध्ये विम्बल्डनने वैद्यकीय कारणावरून तिला माजी खेळाडूंच्या दुहेरीत खेळू दिलं नाही. आपण जगतो की नाही अशी भीती वाटत होती, असं ती तेव्हा टीव्हीवर म्हणाली. आजाराचं कारण तिने त्या वेळी विषाणू असं सांगितलं होतं. पण त्या काळातला आपला जोडीदार रोज वजनावरून बोलायचा, हेही तिने नंतर मुलाखतीत सांगितलं. विम्बल्डन जिंकलेल्या बाईला असे शब्द लागतात, तर चौदा वर्षांच्या पोरीचं काय होईल याचा विचार मेसेज पाठवणाऱ्या एकाही पालकाने केला नाही.

"पळाली" हा शब्दही मागे घ्यायला हवा. १४ ऑगस्ट २०१३ ला सिनसिनाटीत सिमोना हालेपकडून तीन सेटमध्ये हरल्यावर तिने रडत रडत निवृत्ती जाहीर केली. खांदा, कंबर, पाठ, टाचेचा स्नायुबंध, सगळं दुखतं, तासभर खेळलं की शरीर साथ देत नाही, वर्षाच्या सुरुवातीपासून दुखापती चालू आहेत, जे काही उरलं होतं ते विम्बल्डनला लावलं, हे तिचं म्हणणं होतं. विम्बल्डनची विजेती म्हणून पुढचं वर्षभर नुसतं मिरवता आलं असतं, तेही तिने केलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये तिने पुनरागमन जाहीर केलं, महिनोन् महिने सराव केला, आणि खांद्याने परत दगा दिला म्हणून जून २०१८ मध्ये तो नाद सोडावा लागला. लायकी नाही म्हणून पळालेलं माणूस चार वर्षांनी परत यायला धडपडत नाही.

वडिलांचं श्रेय मात्र मी कमी करणार नाही. वॉल्टर बार्टोली फ्रान्सच्या ओत-ल्वार भागातल्या रेतुर्नाक या छोट्या गावात डॉक्टर होते. दवाखाना आटोपल्यावर संध्याकाळी मुलीला घेऊन कोर्टवर जायचे. १९९२ चा सेलेस विरुद्ध ग्राफ हा फ्रेंच ओपनचा अंतिम सामना पाहून त्यांनी तिला दोन्ही हातांनी फोरहँड मारायला लावला. टेनिसचं शिक्षण त्यांनी स्वतःच घेतलं. पाया त्यांचाच. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांच्यापासून वेगळं व्हायचा निर्णय मुलीनेच घेतला. मग फ्रान्सचीच माजी अव्वल खेळाडू अमेली मोरेस्मो हिची मदत घेतली आणि काही महिन्यांत विम्बल्डन जिंकलं. वडील अंतिम सामन्याला प्रेक्षकांत होते, जिंकल्यावर ती वर चढून त्यांना बिलगली. याच वडिलांमुळे फ्रेंच महासंघाशी तिचं वर्षानुवर्षं बिनसलं होतं आणि २०१२ चं लंडन ऑलिंपिक तिला मुकावं लागलं होतं. एवढं सोसून घेतलेल्या निर्णयाचं श्रेय तिचं तिला द्या.

आयक्यूबद्दल फार लिहीत नाही. हा आकडा बरीच वर्षं फिरतोय. आइनस्टाइनने अशी चाचणी दिल्याची कुठेही नोंद नाही, त्यामुळे तुलनाच निराधार.

आणि मेसेजच्या शेवटी "आज ती कुठे आहे कुणालाच माहीत नाही" असंही आहे. ती मोठ्या स्पर्धांचं समालोचन करते. २०१९ मध्ये लाटव्हियाची खेळाडू येलेना ओस्टापेन्को हिला तिने मार्गदर्शन केलं, आणि त्याच ऑक्टोबरात ओस्टापेन्कोने लक्झेंबर्गची स्पर्धा जिंकली. पालकांच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकलं आहे, सोबत २०१३ चा ड्रॉही. ज्यांनी मेसेज मुलींना पाठवला त्यांनी हेही मुलींनाच पाठवावं.