बिनभांडवली 'होलसेल' आणि मुंबईतलं घर

"ताई, घरांचं होलसेलिंग सुरू करायचंय, कागद कसा बनवायचा?" हा प्रश्न हल्ली मला सतत विचारला जातो. विचारणारी मुलं बावीस-पंचवीस वर्षांची. कुणी भांडुपचं, कुणी डोंबिवलीचं, कुणी करी रोडचं. कुणी डिलिव्हरीचं काम करतं, कुणी कॉल सेंटरमध्ये आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेले असतात, काहींनी कोर्सचे पैसेही भरलेले असतात. मी फ्लॅटच्या सर्चची (मालकीचे जुने कागद तपासण्याची) आणि रजिस्ट्रेशनची कामं करते, दिवसभर लोकांच्या घरांच्या फायली वाचते, म्हणून त्यांना वाटतं माझ्याकडे तयार फॉरमॅट असेल. माझ्याकडे तो नाही, आणि असता तरी मी दिला नसता. का ते आज सविस्तर लिहिते.

हा धंदा मुळात अमेरिकेतला. घर घाईने विकावं लागणारा माणूस शोधायचा. कर्जाचे हप्ते थकलेला, मालमत्ता कर थकलेला, वारशात मोडकं घर पदरी पडलेला. त्याच्याशी कमी किमतीत खरेदीचा करार करायचा, थोडा इसार भरायचा. मग घर स्वतः न घेता तो करारच तिसऱ्या, रोकड तयार असलेल्या गिऱ्हाइकाच्या नावे करून द्यायचा आणि मधला फरक घ्यायचा. किमतीचा ठोकताळाही ठरलेला आहे. दुरुस्तीनंतर घराची जी किंमत येईल तिचे सत्तर टक्के धरायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, त्यापुढे जायचं नाही. हे सगळं तिथे चालतं, कारण मधे टायटल कंपनी असते. ती मालकी तपासते, तिचा विमा देते आणि व्यवहार पुरा होईपर्यंत बहुतेक वेळा पैसेही तीच धरून ठेवते. करार दुसऱ्याच्या नावे करायला फारसा खर्च येत नाही.

आता हे मुंबईत आणून बघा. आपल्याकडे फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटवरच पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं. मुंबईत ६ टक्के, खरेदीदार बाई असेल तर ५. शिवाय नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे १ कोटीच्या रिसेल फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट तुम्ही रीतसर तुमच्या नावे केलंत तर ६ लाख ३० हजार तिथेच गेले. पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावे केलंत की त्याचे वेगळे ६ लाख. दोन-चार लाखांच्या फरकासाठी हा व्यवहार मांडायचा तर सगळा फरक शुल्कात जाऊन वर खिशातूनच भरावे लागतील.

इथे मुलं म्हणतात, "मग रजिस्टर करायचंच नाही ना ताई. पाचशेच्या स्टॅम्पवर एमओयू, म्हणजे आपसातला समजुतीचा करार करायचा, नोटरी करायचा." खरी गोची इथेच आहे. कमी शुल्काचा कागद कोर्ट पुरावा म्हणून वाचत नाही, जोवर तुम्ही उरलेलं शुल्क आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड भरत नाही. आणि नुसत्या करारावर आणि मुखत्यारपत्रावर घराची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. तुमच्या हातात असतो तो एका माणसाने दिलेला शब्द. तो शब्द देण्याचा त्याला अधिकार होता का, हे कुणी तपासलेलं असतं?

एक फाइल सांगते. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा असाच एमओयू घेऊन आला. मुलुंडमधला वन बीएचके, जुनी सोसायटी, चौथा मजला, लिफ्ट नाही. विकणारा थोरला मुलगा, वडील वारलेले, आई त्याआधीच गेलेली. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर वडिलांचं एकट्याचं नाव, सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्याचं. एमओयूवर सही फक्त त्याची. इसार एक लाख, त्यातला अर्धा रोख. पोरगा खुशीत होता, "सगळं क्लिअर आहे ताई, नॉमिनी तोच आहे."

मी त्याला बसवून चेन, म्हणजे घर कुणाकडून कुणाकडे आलं त्या कागदांची साखळी काढायला लावली. बिल्डरबरोबरचं पहिलं अ‍ॅग्रीमेंट थोरल्याकडे नव्हतं, सोसायटीच्या कपाटात झेरॉक्स सापडली. तिच्या शेवटच्या पानावर घेणारांच्या दोन सह्या. एक वडिलांची, दुसरी त्यांच्या बहिणीची. घर भावाबहिणीने मिळून घेतलेलं. सोसायटीने सर्टिफिकेट करताना एकच नाव लिहिलं आणि इतकी वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आत्या चिपळूणला, हयात. वडिलांना मुलं तीन, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी. आता हिशोब करा. दुसरा काही पुरावा नसेल तर निम्मं घर आत्याचं. उरलेल्या निम्म्यात तीन वारस, म्हणजे थोरल्याचा वाटा एक षष्ठांश. आणि नॉमिनीचं म्हणाल तर नॉमिनी मालक नसतो. सहकार कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून वारस ठरेपर्यंत त्याला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, एवढंच.

दरम्यान या मुलाने फ्लॅटचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर टाकले होते आणि बदलापूरच्या एका कुटुंबाकडून पन्नास हजार इसारही घेतला होता. त्या कुटुंबातली बाई शिवणकाम करते. तिने भिशीचे पैसे उचलून दिले होते. ते पैसे मुलाने हप्त्याहप्त्याने परत केले, ही त्याची नियत. पण थोरल्याकडे अडकलेल्या लाखाला "बघू, बघू" याखेरीज उत्तर मिळालेलं नाही. दाद मागायची तर अर्धी रक्कम रोख. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड लागतो. त्यामुळे तो थोरला कबूल तरी कशाला करेल?

मला राग आहे तो त्या मुलावर नाही. "पैसे नसताना घरांचा धंदा" असं म्हणून कोर्स विकणाऱ्यांवर आहे. पेपर वाचायला न शिकवता फोनवर काय बोलायचं तेवढं शिकवतात. विक्रेत्याची नड कशी ओळखायची, त्याने घाई केली की भाव कसा पाडायचा, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी त्याची गाठ कशी पडू द्यायची नाही. नड म्हणजे कोण हो? लालबागच्या चाळीत एकटी राहणारी, डायलिसिसचा खर्च झेपत नसलेली बाई. नवरा गेल्यावर मुलाच्या शिक्षणासाठी खोली काढायला निघालेली काकू. तिला खोलीची खरी किंमत कळू नये यावरच ज्या धंद्याचा नफा अवलंबून आहे, तो आपल्या पोरांनी करू नये असं मला मनापासून वाटतं. आणि हे माझं एकटीचं हळवेपण नाही. जिथून हे आलं त्या अमेरिकेतही राज्यं एकेक करून जागी झाली. इलिनॉयने २०१९ मध्ये वर्षाला एकाहून जास्त असे व्यवहार करायचे तर ब्रोकरचं लायसन्स लागेल असं ठरवलं, ओक्लाहोमाने २०२१ मध्ये याचसाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडे शिकवणारे हा भाग गाळतात.

चाळीचं निघालंच आहे तर पागडीबद्दल एक गोष्ट. पागडीच्या खोलीत राहणारा भाडेकरू असतो, मालक नाही. खोली दुसऱ्याच्या नावे करायची तर घरमालकाची संमती लागते, त्याचा हिस्सा द्यावा लागतो (रिवाज साधारण एक तृतीयांशाचा) आणि भाडेपावती नव्या नावाची व्हावी लागते. घरमालकाला वगळून केलेला सौदा म्हणजे नुसता कागद. म्हाडाच्या लॉटरीची आणि एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनातली) घरंही ठरावीक मुदत संपेपर्यंत विकता येत नाहीत. स्वस्तात मिळतंय म्हणून ती घेऊन होलसेल करा असा सल्ला कुणी दिला तर तो माणूस तुम्हाला खड्ड्यात घालतोय.

मग मराठी मुलांनी या धंद्यात पडूच नये का? अहो, पडायलाच हवं! दादर-परळमधली आपली घरं विकली जाताना मधे आपली माणसं फार थोडी दिसतात, याची मला खंत आहे. पण सुरुवात कागदापासून करा. एक वस्ती निवडा, चार-पाच गल्ल्या पुरेत. तिथल्या प्रत्येक सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का (जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का), ओसी म्हणजे इमारत वापरण्याचा पालिकेचा दाखला आहे का, जमीन कलेक्टरची की खासगी, डीपी रिमार्कमध्ये (विकास आराखड्याच्या शेऱ्यात) रस्ता किंवा आरक्षण येतंय का, हे तुम्हाला तोंडपाठ असलं पाहिजे. आयजीआरच्या (सरकारच्या नोंदणी खात्याच्या) साइटवर बसून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचा गोषवारा काढा. त्यात प्रत्यक्ष कितीला व्यवहार झाले ते दिसतं, एजंटने सांगितलेला भाव नाही. शेजारी रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला दर लिहा. महिनाभर हे केलंत की कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त समजेल. सोसायटीच्या सेक्रेटरीशी ओळख करा. फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम २५,०००च्या वर मागता येत नाही, हे बऱ्याच विक्रेत्यांना ठाऊक नसतं. ते सांगितलंत तरी तो माणूस तुम्हाला विसरत नाही.

कमाई भाड्यापासून सुरू होते. लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा करार) नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे, काम पटकन होतं आणि एका भाडेकरूमागून दुसरा येतो. नव्या प्रकल्पातले फ्लॅट विकायचे तर रेरात, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, एजंट म्हणून नोंद हवी. एकट्या माणसाला फी १०,००० रुपये, नोंदणी पाच वर्षांची, शिवाय आता प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. नोंद नसताना विकलंत तर रोजचा दंड १०,०००, वाढत वाढत फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. दलाली उघड घ्या, पावती द्या. दोन्ही पार्ट्यांना समोरासमोर बसवून मिळवलेल्या दलालीत लाजण्यासारखं काहीही नाही.

आणि प्रकल्पाला रेराचा नंबर आहे एवढ्यावर डोळे मिटू नका. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून नंबर मिळवलेल्या इमारती निघाल्या, त्या ६५ इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. आत राहणाऱ्या लोकांनी कर्ज काढून घरं घेतली होती. नालासोपाऱ्यात ४१ इमारती पाडल्या गेल्या, त्यांची जागा आराखड्यात सांडपाणी प्रकल्पासाठी आणि डम्पिंगसाठी राखीव होती. परवानगीचा कागद पालिकेत जाऊन ताडून बघा, पीडीएफवर विसंबू नका.

स्वतःची गुंतवणूक हा त्यानंतरचा टप्पा, आणि तिथे भांडवल लागतंच. १ कोटीच्या फ्लॅटला बँक ७५ लाखांपर्यंत कर्ज देते. २५ लाख तुमचे, ६ लाख ३० हजार शुल्क-नोंदणीचे, दलाली, सोसायटी, वकील मिळून आणखी लाख-दीड लाख. तेहतीस लाखांच्या आसपास हाताशी हवेत. तो फ्लॅट भाड्याने द्याल तर माझ्या बघण्यात महिना पंचवीस हजारांच्या आसपास येतात, वर्षाला तीन टक्के, त्यातून मेंटेनन्स वजा. कर्जाच्या व्याजाचा दर याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे दर महिन्याला पदरचे घालावे लागणार. किंमत वाढेल या आशेवर ते घालायची ताकद असेल तरच घ्या. बिल्डरकडून घेऊन तीन वर्षांच्या आत विकणाऱ्याला कायद्यात एक सवलत आहे, आधी भरलेलं मुद्रांक शुल्क पुढच्या अ‍ॅग्रीमेंटच्या शुल्कातून वळतं होतं. करार पुढे विकण्याचा आपल्याकडचा सरळ मार्ग हा. पण तोही नोंदणीकृत अ‍ॅग्रीमेंटनेच, आणि बिल्डरची एनओसी घेऊन. तेवढे पैसे साठेपर्यंत बचत कुठे ठेवायची असं विचारणाऱ्याला मी शेअर बाजारातल्या रीटची (भाड्याने दिलेल्या इमारतींमध्ये अनेकांचे पैसे एकत्र गुंतवणाऱ्या ट्रस्टची) युनिट्स दाखवते. काही शे रुपयांत मिळतात, वाटपयोग्य रोखीतला किमान ९० टक्के हिस्सा युनिटधारकांना द्यावाच लागतो. ऐरोलीतल्या ऑफिसांच्या भाड्यात तुमचा वाटा येतो आणि कुणा काकूची खोली भाव पाडून मागावी लागत नाही. भाव खालीवर होतो, तेवढी तयारी ठेवायची.

शेवटी सरकारकडे एक मागणी. रेराची एजंट-नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांपुरती आहे. जुन्या सोसायट्या, चाळी, पागडीच्या खोल्या हे सगळं तिच्या बाहेर राहतं, आणि म्हातारी माणसं तर तिथेच राहतात. दुसऱ्याचं घर जाहिरात करून विकायला काढणाऱ्या प्रत्येकाला, मग तो स्वतःला एजंट म्हणो, होलसेलर म्हणो की इन्व्हेस्टर, नोंदणी आणि परीक्षा सक्तीची करा. आणि एमओयू करणाऱ्याने विक्रेत्याला रेडी रेकनरची किंमत लेखी सांगून त्यावर त्याची सही घेतलीच पाहिजे, असा नियम करा. मराठीत, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.