खिंड आणि खाण

कोल्हापूरच्या भाच्याशी फोनवर वाद झाला त्याला आठवडा उलटला, तरी डोक्यातून जात नाही. "मराठी सिनेमानं लढाया दाखवूच नयेत," असं त्याचं म्हणणं. "'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली हेल्म्स डीपची लढाई बघ आणि मग 'पावनखिंड' बघ. मामा, तू तर न्यूझीलंडला, वेलिंग्टनजवळ हटमध्ये राहतोस, तुला मी काय सांगायचं?"

राहतो ना. त्या मालिकेतल्या दुसऱ्या सिनेमातली, 'द टू टॉवर्स'मधली (२००२) ती लढाई ज्या ड्राय क्रीकच्या खाणीत चित्रित झाली, ती हेवर्ड्स हिलच्या पायथ्याशी आहे. पोरिरुआला कामावर जाताना रोज दिसते. तटबंदी केव्हाच काढून नेली, आता नुसती खडी आणि ट्रक. त्या ऑर्कांच्या, म्हणजे चाल करून येणाऱ्या राक्षसी फौजेच्या, आरोळ्या म्हणजे केक टिनमधले (वेलिंग्टनच्या स्टेडियमला इथं असंच म्हणतात) क्रिकेटचे प्रेक्षक. वनडेच्या मध्यंतरात दिग्दर्शक पीटर जॅक्सननं त्यांच्याकडून त्या म्हणून घेतल्या होत्या. दूरवर पसरलेली फौज संगणकावर उभी केलेली. पडद्यावर दहा हजार दिसले म्हणून मी हरखून जात नाही.

मला त्या लढाईत आवडते ती एक छोटी जागा. लढाई सुरू व्हायच्या आधी एक पोरगा तलवार धरून उभा आहे. रात्र काही निघायची नाही असं मोठी माणसं बोलतायत, हे तो सांगतो. सिनेमाचा नायक अॅरागॉर्न त्याची तलवार घेतो, हवेत दोन हात फिरवून बघतो, परत देतो आणि म्हणतो, तलवार चांगली आहे. बस. पुढे जे काही होतं ते आपण त्या पोरासाठी बघतो. शिवाय तट कुठं, गटाराचं तोंड कुठं, दरवाजा कुठं, हे आधीच कळलेलं असतं, त्यामुळे गोंधळ उडत नाही. आणि कुमक येईपर्यंत तग धरायचा आहे, हेही ठाऊक असतं.

आता हेच सगळं १३ जुलै १६६० च्या घोडखिंडीत बघा. पन्हाळ्याचा वेढा, शिवा काशीदनं महाराजांचं सोंग घेऊन पत्करलेलं मरण, मुसळधार पाऊस, मागे सिद्दी मसूद, पुढे विशाळगड. वाट एवढी चिंचोळी की मूठभर माणसं ती रोखू शकतात. आणि गडावरून तोफ ऐकू येईपर्यंत बाजीप्रभूंना पडायची मुभा नाही! याला कुणाच्या कोट्यवधी डॉलरची गरज आहे? २०२२ च्या सिनेमात स्लो मोशन फार आहे, पार्श्वसंगीत कानावर आदळतं, मान्य. पण म्हणून लढाया दाखवूच नयेत? मी इथल्या थिएटरात, पंचवीस-तीस मराठी माणसांत बसून तो बघितला. तोफ वाजली तेव्हा शेजारच्या आजोबांनी माझा हात दाबला, सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.

इथले लोक हरलेल्या लढाईलाही जपतात. वेलिंग्टनच्या 'ते पापा' या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईचं प्रदर्शन आहे. वेटा वर्कशॉपनं, म्हणजे हेल्म्स डीपच्या तलवारी घडवणाऱ्यांनीच, माणसाच्या जवळजवळ अडीचपट पुतळे केलेत. भावाच्या मृत्यूच्या बातमीनं कोसळलेली एक नर्स आहे, तिच्यासमोर मी दरवेळी थांबतो. मागच्या अँझॅक डेला, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, मुलानं तिथंच विचारलं, "बाबा, आपले लोक कुठं लढले?" मी खिंड सांगायला लागलो आणि अडलो. चढ किती, ओढा कुठल्या अंगाला, उभं राहिल्यावर समोर काय दिसतं, काही सांगता येईना. सांगितला तो सिनेमा.

हे भाच्याला सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, मी तीनदा गेलोय मोहिमेला. पन्हाळ्यावरून निघायचं, म्हसाईच्या पठारावर धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, बूट चिखलात राहतात. खिंडीत पोहोचल्यावर कुणी बोलत नाही. म्हणून तर पडद्यावर ती तशी बघवत नाही मला."

माझं मत बदललेलं नाही. लढाया दाखवाव्यात, आणखी दाखवाव्यात. पण ज्याला मी हॉलिवूडचा भक्त समजून आठवडाभर मनात झोडपत होतो, तो त्या चिखलातून चालून आला होता. मी कोल्हापुरात वाढलो, पन्हाळ्याला सहलीला कितीदा गेलो, पण पावसाळ्यात ती वाट कधी चाललो नाही. आता दरवर्षी डिसेंबरात येतो, लग्नं आटोपतो, जानेवारीत परत.

"जुलैत ये," तो म्हणाला. "पोराला घेऊन ये. मी नेतो."

जुलैत इथं शाळेला दोन आठवडे सुट्टी असते. तारखा बघून ठेवल्यात.