'पंप आणि इंजेक्टर टाका, बाकी ईसीयू बघून घेतो': हे खरं नाही

टर्बो गाडीचा बूस्ट (टर्बो इंजिनात हवा ढकलतो तो जादा दाब) वाढवणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो: 'तासाला २५५ लिटरचा फ्युएल पंप टाका, दुप्पट मोठे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) बसवा, कमी पडलं तर रेग्युलेटरने (पेट्रोलचं प्रेशर ठरवणारा भाग) प्रेशर वाढवा, बाकी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आपोआप जुळवून घेतो.' याच्यावर विसंबून धडधाकट इंजिनं फुटतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पंप. २५५ हा आकडा ठरावीक प्रेशर आणि ठरावीक व्होल्टेजचा असतो. पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारणाऱ्या) बहुतेक टर्बो गाड्यांत रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाची) नळी जोडलेली असते, त्यामुळे बूस्ट चढेल तितकं रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशरही चढतं. बेस (बूस्ट नसतानाचं प्रेशर) ३ बार आणि बूस्ट १.५ बार, म्हणजे पंपाला ४.५ बारविरुद्ध पेट्रोल ढकलायचं असतं, आणि प्रेशर वाढलं की पंपाचा फ्लो घटतो. इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं नेमकं तेव्हाच पंपाची ताकद उतरलेली असते.

त्यात वायरिंगची भर. कंपनीची वायर मूळ पंपाच्या करंटसाठी असते. मोठा पंप जास्त करंट ओढतो, वायरीतच व्होल्टेज पडतं आणि पंप मंदावतो. टाकीवरचं पंपाचं झाकण उघडून कनेक्टर नीट बघा. प्लास्टिक तपकिरी पडलंय, एखादी पिन काळवंडलीय, असं दिसलं तर ती वायर केव्हाच हरलीय. बॅटरीपासून जाड वायर ओढायची, बॅटरीजवळच फ्यूज घालायचा आणि जुन्या वायरीने फक्त रिले (जाड वायरीचा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालवायचा. टाकीच्या आतल्या नळीचंही तसंच. बोनेटखाली चालणारी साधी फ्युएल होज पेट्रोलमध्ये बुडाली की फुगते, मऊ पडते आणि क्लिपमधून निसटते. बुडवून वापरायची होज वेगळी मिळते. इथे पैसे वाचवू नका.

इंजेक्टरचा आकार अंदाजाने ठरत नाही, हिशेबाने ठरतो. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण लोडवर दर एचपीमागे तासाला साधारण पाव किलोपेक्षा थोडं जास्त, म्हणजे ०.२७ किलो पेट्रोल पितं असं धरतात. चार सिलिंडरमधून ४०० एचपी हवे असतील तर तासाला सुमारे १०८ किलो, म्हणजे १४५ लिटरच्या आसपास. चार इंजेक्टरमध्ये वाटून आणि ड्युटी (इंजेक्टर उघडा असतो तो वेळ) ८५ टक्क्यांच्या वर जाऊ न देता प्रत्येकी मिनिटाला ७०० ते ७५० सीसीचा इंजेक्टर लागतो. त्याहून मोठ्या इंजेक्टरने ताकद वाढत नाही. ताकद हवेवर ठरते. इंजेक्टर फक्त त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल देतो.

'प्रेशर वाढवा' हा उपाय तर अर्धाच कामाचा आहे. इंजेक्टरचा फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. बेस ३ चा ४ बार केला तर हाती येतात जेमतेम १५ टक्के, आणि पंपावरचं ओझं मात्र पूर्ण एक बारने वाढतं. पंप आधीच टोकाला असेल तर वर मिळायच्या जागी उलट घटतं.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं: 'बाकी ईसीयू जुळवून घेतो.' जुन्या नॅरोबँड सेन्सरच्या (मिश्रणात पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगणाऱ्या) गाड्यांत ईसीयू हवा-पेट्रोलचं मिश्रण दुरुस्त करतो ते आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि हलक्या पायावर. पूर्ण थ्रॉटलला तो टेबलमध्ये लिहिलेले आकडे चालवतो. वाइडबँड सेन्सरच्या (प्रमाण नेमकं मोजणाऱ्या) नव्या गाड्या बूस्टमध्येही दुरुस्ती करतात, पण तिलाही मर्यादा असते, आणि रेलमध्ये पेट्रोलच पोहोचत नसेल तर ईसीयू तरी काय करणार? नव्या इंजेक्टरचा फ्लो आणि व्होल्टेजनुसार बदलणारा डेड टाइम (सिग्नल मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतचा उशीर) ट्यूनमध्ये, म्हणजे ईसीयूच्या आकड्यांमध्ये, भरावाच लागतो. तो चुकला तर आयडल डोलतो, ही किरकोळ गोष्ट. बूस्टमध्ये मिश्रण लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की नॉक (मिश्रण अवेळी भडकून बसणारे ठोके) सुरू होतो आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचांमधला पट्टा (रिंग लँड) तुटतो.

चाकणला बनणाऱ्या व्हर्टस, स्लाव्हियासारख्या टीएसआय गाड्यांना हा सल्ला तर लागूच पडत नाही. तिथे डायरेक्ट इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. टाकीतला पंप फक्त कॅमवर चालणाऱ्या हाय प्रेशर पंपाला पेट्रोल पुरवतो. तो वरचा पंप कमी पडला तर खाली कितीही मोठा पंप टाका, रेल प्रेशर घसरणारच.

आणि आपल्याकडे आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. इथेनॉल असलं की तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं, त्यामुळे तीच ताकद काढायला बिनइथेनॉल पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के जादा इंधन पुरवावं लागतं. जुन्या पेट्रोलवर काठावर बसवलेली गाडी ई२० वर काठाच्या पलीकडे जाते.

म्हणून ट्यूनच्या आधी रेलवर प्रेशर सेन्सर लावा आणि डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) लॉग काढा. रेल प्रेशरमधून बूस्ट वजा केला की पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत बेस प्रेशर उरलं पाहिजे, रेडलाइनपर्यंत. ५५०० आरपीएमनंतर ते घसरायला लागलं तर तिथेच पाय काढा. पंप आणि वायरिंगचा प्रश्न सुटेपर्यंत बूस्ट खालीच ठेवा.